बटण दाबलं की डिकी उघडावी म्हणून

माझ्या गाडीची डिकी उघडायचे दोनच मार्ग होते. ड्रायव्हरच्या सीटशेजारी खाली एक दांडी आहे, ती केबलने मागच्या लॉकला जोडलेली, ती ओढायची. नाहीतर मागच्या झाकणावरच्या कुलपात किल्ली घालून फिरवायची. बाहेरून धरून ओढावं असं हँडलच नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या अनेक छोट्या हॅचबॅक अशाच होत्या, आणि हातात भाजीची पिशवी असेल तर त्यात काही अडत नाही. माझ्या हातात पेटी असते. हार्मोनियम, खोक्यासकट १२ किलो. इंदूरला आमचं भजनी मंडळ आहे. चातुर्मासात रामबाग, लोकमान्यनगर, तिलकनगर असे कार्यक्रम लागून येतात, आणि चातुर्मास म्हणजे अर्धाअधिक पावसाळाच. दोन्ही हात पेटीत गुंतलेले, रस्ता ओला, पेटी खाली टेकवायची नाही, आणि डिकीची दांडी गाडीच्या पुढच्या अंगाला. दरवेळी कोणाला तरी हाक मारावी लागायची.

गाडी विकायचा प्रश्न नव्हता. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा चांगला आहे. मग ठरवलं की हिच्याच डिकीला विजेवर उघडणारं लॉक करून घ्यायचं. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण जे केलं ते थोड्याफार फरकाने कुठल्याही जुन्या छोट्या गाडीला लागू पडेल. माझी नोकरी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे मीटर आणि सोल्डरिंगची सवय आहे. पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा सोबतीला होता, आणि कामाची खरी जाण असलेले आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांना मी भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणेन.

या कामाबद्दल कोणालाही विचारलं तर उत्तर येतं, 'गन लावा, दोन तारा जोडा, झालं.' गन म्हणजे सेंट्रल लॉकची मोटर. पण विजेचा भाग या कामात सगळ्यात सोपा आहे. डिकी उघडेल की नाही हे लॉक, रबर आणि बिजागरी ठरवतात. आणि नको तेव्हा ती उघडणार नाही ना, याची तजवीज करण्यात खरी मेहनत आहे.

झाकणाच्या आतलं प्लास्टिकचं पॅनेल आम्ही भर दुपारी काढलं. जुन्या गाडीच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात. गाडी उन्हात तापली की प्लास्टिक थोडं नरम पडतं आणि क्लिपा तुटत नाहीत. आत लॉक दिसलं. त्याच्या पोटात एक फिरणारा आकडा असतो, तो बॉडीवरच्या यू आकाराच्या कडीला धरतो. आकड्याला उलटं फिरू न देणारा एक खटका असतो, त्याला मिस्त्री लोक कुत्ता म्हणतात. झाकण आपटलं की कडी आकड्याला फिरवते आणि कुत्ता त्याच्या खाचेत पडतो. दांडी ओढली की कुत्ता बाजूला सरतो आणि आकडा आपल्या स्प्रिंगच्या जोरावर कडी सोडतो. विजेने करायचं ते एवढंच, कुत्त्याची पट्टी ओढायची आणि सोडून द्यायची.

किती जोराने ओढायची, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. आम्ही सामान लटकवून तोलायचा छोटा डिजिटल काटा घेतला. झाकण उघडं ठेवून, स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद करून पट्टी ओढली तर जेमतेम १ किलो भरलं. मग मागची सीट पाडून भाचा डिकीत आडवा झाला, गाडीची बाकी दारं उघडी ठेवली, झाकण बंद केलं आणि त्याने मोबाइलच्या उजेडात आतून ओढलं. आता काटा अडीच किलोवर गेला. बंद झाकणाखाली बीडिंगचं, म्हणजे डिकीच्या तोंडाच्या कडेने फिरणाऱ्या पट्टीचं, रबर दबलेलं असतं. ते झाकणाला सतत वर लोटत असतं, त्यामुळे आकडा कुत्त्यावर दाबून बसतो आणि घर्षण वाढतं. उघड्या झाकणावर घेतलेलं माप म्हणूनच कामाचं नाही. पट्टीची चालही मोजली, ११ मिलिमीटर सरकली की कुत्ता सुटत होता.

गन घेण्याआधी दुसरे पर्याय पाहिले. सोलेनॉइडमध्ये तारेच्या वेटोळ्यात लोखंडी दांडा झटक्यात खेचला जातो. त्याचा जोर मोठा, पण तो दांडा आत पोचत आल्यावरचा. सुरुवातीला, म्हणजे कुत्ता जिथे सगळ्यात घट्ट बसलेला असतो नेमका तिथे, तो जोर सगळ्यात कमी असतो. शिवाय जोरकस सोलेनॉइड क्षणभर का होईना २०-३० अँपिअर ओढतो. म्हणजे जाड तार, मोठा फ्यूज आणि दरवेळी मोठा ठोका. नव्या मॉडेलचं तयार इलेक्ट्रिक लॉक, ज्याच्या आतच मोटर असते, ते मला फार आवडलं होतं. पण त्याच्या बोल्टची भोकं आमच्या झाकणाशी जुळेनात, आणि बॉडीवरच्या कडीची जागा बदलावी लागली असती. मागून गाडी आदळली तर झाकण धरून ठेवणारी तीच कडी. तिला हात लावायचा नाही यावर आम्हा तिघांचं लगेच एकमत झालं.

मग छोटी ग्वालटोलीतून दोन तारांची गन आणली. पाच तारांचीही मिळते, ती ड्रायव्हरच्या दारासाठी. तिच्या जादा तारा आतल्या स्विचच्या असतात, इथे त्यांचं काम नाही. आमच्या गनची चाल १९ मिलिमीटर भरली आणि बारा व्होल्टवर तिने काट्याला ४ किलोपर्यंत ओढलं. अडीच किलोच्या कामाला चार किलोची गन, मला वाटलं हिशोब जमला. भाऊंनी गन हातात घेऊन पुढेमागे करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, ही ओढणार याची काळजी नाही मला. ओढल्यावर झाकण उठेल का, ते सांगा."

गन तात्पुरती आवळून बॅटरीची तार क्षणभर टेकवली. कट्ट असा स्वच्छ आवाज आला. झाकण मात्र तिथेच, आणि हाताने उचलायला गेलो तर पुन्हा बंद झालेलं.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेक लोक तेच वगळतात. कुत्ता सुटला तरी आकडा फिरायला हवा, आणि आकडा फिरायचा तर झाकणाने निदान थोडं वर यायला हवं. आकड्याच्या छोट्या स्प्रिंगला एवढं जड झाकण एकटीने उचलवत नाही. आपण म्हणू की बाजूचे शॉकर, झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, आहेत ना. पण झाकण बंद असताना शॉकरचा जोर जवळपास बिजागरीच्या रोखानेच लागतो, त्यामुळे तेव्हा त्याची उचलायला मदत फार थोडी. झाकण थोडं वर आलं की मगच त्याला तरफ मिळते. पहिले दोन-तीन सेंटिमीटर झाकण उचलायचं काम बीडिंगच्या दबलेल्या रबराचं आणि कडेच्या रबरी ठोकळ्यांचं. आमच्या गाडीचं रबर इतक्या वर्षांत चपटं होऊन गेलं होतं. हाताने दांडी ओढताना आपण ती हळू ओढतो आणि हळू सोडतो, तेवढ्या अवधीत मेलेलं रबरही झाकणाला सावकाश वर लोटतं. गन अर्ध्या सेकंदात ओढून मोकळी होते. झाकण अजून जागेवरच असतं, कुत्ता पुन्हा त्याच खाचेत पडतो. अलीकडे दांडीही दोन-दोनदा का ओढावी लागायची, ते मला तेव्हा कळलं.

रबर कुठे मेलंय हे पाहायची सोपी पद्धत भाऊंनी दाखवली. वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी रबर आणि झाकणाच्या मध्ये ठेवायची, झाकण बंद करायचं आणि पट्टी ओढायची. वरच्या बाजूला कागद फाटेपर्यंत सुटला नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत तो अलगद हातात आला. पावसाळ्यात डिकीच्या गालिच्याला येणारा कुबट वासही तिथूनच येत होता, हे त्या पट्टीने सांगितलं.

नवीन बीडिंग आणलं. ते बसवताना कोपऱ्यात ताणायचं नाही, उलट कोपऱ्यात थोडं सैल सोडायचं. ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपऱ्यातच पत्र्यावरून सुटतं. पत्र्याच्या कडेला गंज होता, तो घासून प्रायमर लावला आणि वाळल्यावरच बीडिंग चढवलं. शॉकरची जोडीही बदलली. झाकण अर्ध्यावर धरून सोडलं की जुने शॉकर ते खाली येऊ देत होते, म्हणजे त्यांच्यातला गॅस गेलेला होता. मग झाकणाच्या खालच्या कडेचे दोन रबरी ठोकळे. त्यांना आटे असतात. ते थोडे बाहेर काढले की झाकण बंद करताना जास्त दबतात आणि सुटल्यावर झाकणाला तेवढंच वर ढकलतात. इथे अती करून चालत नाही. लॉकच्या आकड्याला दोन खाचा असतात, एक अर्धवट पकडणारी आणि एक पूर्ण. ठोकळे फार बाहेर आले तर नेहमीच्या जोराने लावलेलं झाकण पहिल्याच खाचेवर राहतं. बाहेरून पाहताना ते बंद दिसतं, खड्ड्यात खडखडतं, आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीत उघडतं. म्हणून दर अर्ध्या आट्याला झाकण लावून दोन 'कट्ट' ऐकू येतात का, ते पाहत गेलो. दीड आट्यावर थांबलो.

आता दांडी ओढली की झाकण दोन बोटं वर यायला लागलं. पण नव्या रबराने दाब वाढवला होता. भाचा पुन्हा डिकीत गेला, आणि आता काटा साडेतीन किलो दाखवत होता. चार किलोच्या गनला साडेतीन किलोचं काम देणं म्हणजे थंडीच्या पहाटे, बॅटरी जरा उतरलेली असताना, ती हमखास अडणार. दुसरी मोठी गन आणायची भाऊंची तयारी होती. मला मात्र समोर तरफ दिसत होती. कुत्त्याची पट्टी तिच्या खिळ्यापासून केबलच्या भोकापर्यंत २४ मिलिमीटर होती. तिला एक पोलादी तुकडा पक्का जोडून आम्ही ३६ मिलिमीटरवर नवीन भोक पाडलं. हात दीडपट झाला, म्हणजे जोर दीडपटीने कमी लागणार, साडेतीनऐवजी सव्वादोन-अडीच किलो. चाल तेवढीच वाढणार, अकराऐवजी साडेसोळा मिलिमीटर. गनकडे एकोणीस होते. वर अडीच मिलिमीटर ढिलाईला उरले, आणि ती ढिलाई हवीच. गनचा गज निवांत असताना पट्टीला जरासुद्धा ताण देत असेल तर कुत्ता खाचेत पूर्ण बसत नाही.

गज आणि पट्टी यांच्या जोडात गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवली. त्यामुळे सीटजवळची दांडी किंवा मागची किल्ली वापरली तर पट्टी त्या खाचेत मोकळी सरकते, गनला ओढत नेत नाही. जुनी केबल आणि किल्ली दोन्ही जशीच्या तशी चालू राहिली पाहिजेत, ही माझी पहिल्यापासूनची अट होती. बॅटरी बसली तर डिकी उघडायची कशी, याचं उत्तर 'मेकॅनिकला बोलवा' हे असू शकत नाही. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी आणि जॅक डिकीतच असतात. पण खाच ठेवली की एक नवा प्रश्न उभा राहतो. अशा गनला स्वतःची परतीची स्प्रिंग नसते, ती दोन्ही दिशांना विजेनेच चालते. पट्टीची स्प्रिंग आता गजाला मागे ढकलू शकत नाही, कारण मध्ये खाच आहे. म्हणून गजाला एक वेगळी हलकी स्प्रिंग लावली, गनला जेमतेम मूळ जागी आणेल इतकीच. तिचा भार धरूनही ओढ तीन किलोच्या आत राहिली.

गन बसवली तीही तोंड खाली करून, म्हणजे झाकणात झिरपलेलं पाणी गजावरून आत जाणार नाही. पत्र्याला जी दोन भोकं पाडली त्यांच्या कडा घासून झिंक प्रायमर लावला. झाकणाच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात; टेप किंवा फोम लावताना ती बुजली तर झाकण आतून कुजतं. ती काडीने साफ करून घेतली, त्यातून वर्षानुवर्षांची माती निघाली.

आता वीज. महाराणी रोडवरून रिले, फ्यूजची डबी, तार आणि सुटे भाग आणले. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडी वीज दिली की मोठी वीज जोडणारा किंवा तोडणारा स्विच. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, तिथून १ चौरस मिलिमीटरची तार दाराच्या उंबऱ्यावरच्या (सिलच्या) पट्टीखालून मागे. चालताना गन ३ अँपिअर घेत होती, अडवून धरली तर ६. पाच मीटर तारेत सहा अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट पडतो, तेवढा चालतो. अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट, बिजागरीतून मिळतं असं समजून लोक एकच तार नेतात. बिजागरीत रंग असतो, ग्रीस असतं, आज मिळेल उद्या मिळणार नाही. अर्थिंगची वेगळी तार नेली.

बटण किती वेळ दाबलं यावर गनचं आयुष्य ठेवायचं नव्हतं. लहान मूल बटण दाबून बसलं तर आतली मोटर तापून जळेल. त्यासाठी ठरावीक वेळेचा एकच झटका देणारं छोटं सर्किट केलं, टायमर आयसीवर, म्हणजे वेळ मोजणाऱ्या चिपवर. ५५५ हा आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि मी तो विद्यार्थ्यांना किती वेळा लावून दाखवला असेन. इथे मात्र त्याची सीमॉस जात, ७५५५, वापरली, कारण साधा ५५५ नुसता बसून काही मिलिअँपिअर खात राहतो, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या छोट्या बॅटरीला ते जाणवतं. ६८ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, यांचा वेळ येतो पाऊण सेकंद. ट्रिगरची तार कपॅसिटरमधून घेतली, त्यामुळे बटण कितीही वेळ दाबून धरलं तरी झटका एकदाच मिळतो. रिलेची कॉइल ओढायला एसएल१०० ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. आयसीच्या पुरवठ्याला १०० ओहमचा रेझिस्टर आणि व्होल्टेज मर्यादेत धरणारा झेनर डायोड, कारण गाडीच्या वायरिंगमधले व्होल्टेजचे उसळे प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायसारखे सभ्य नसतात.

चालत्या गाडीत डिकी उघडणं केवळ सामान पडण्यापुरतं धोक्याचं नाही. मागे झाकण उघडं ठेवून गाडी चालली की गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत खेचला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून इग्निशन चालू असताना गनला वीज मिळताच कामा नये. यासाठी दुसरा पाच पिनांचा रिले घेतला. त्याची कॉइल इग्निशनवर, आणि गनची मुख्य तार त्याच्या ३० आणि ८७ए या पिनांतून. कॉइलला वीज नसताना ८७ए जोडलेला असतो; किल्ली फिरवली की तो तुटतो. हा तोड मी बटणाच्या तारेत न घेता मुद्दाम गनच्या तारेतच घेतला. उद्या पहिल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तरी इग्निशन चालू असताना गनपर्यंत काही पोचणार नाही.

हँडब्रेकच्या स्विचवर हे करावं असं भाच्याचं म्हणणं होतं, म्हणजे इंजिन चालू ठेवूनही हँडब्रेक ओढून डिकी उघडता येईल. भाऊंनी कागदावर काढून दाखवलं की त्या स्विचला डॅशबोर्डवरचा दिवाही जोडलेला आहे. किल्ली बंद असली की बटणाची वीज कॉइलमधून त्या दिव्यात, आणि दिव्यातून बंद पडलेल्या इग्निशनच्या वायरिंगमध्ये वाट काढते. मग हँडब्रेक खाली असूनही रिले ओढला जातो. दिव्याच्या तारेत डायोड टाकून हे थांबवता येतं, पण त्यासाठी ब्रेकच्या इशाऱ्याची मूळ तार कापावी लागते. ती मी कापू दिली नसती.

तारा झाकणात न्यायच्या कुठून, यावर आम्ही बराच विचार केला. नंबर प्लेटच्या दिव्याच्या तारा एका रबरी नळीतून जातातच, त्याच नळीतून या दोन सरकवणं सगळ्यात सोपं. पण ती नळी दर उघडझापीला वाकते, आत तारा एकमेकींवर घासतात. उद्या दिव्याच्या तारेचं आवरण फाटून ती गनच्या तारेला लागली, तर रात्री पार्किंग लाइट लावल्याबरोबर चालत्या गाडीत गनला वीज मिळेल. आमचे दोन्ही रिले तिथे काहीच करू शकणार नाहीत. वरच्या मॉडेलमध्ये मागच्या काचेच्या डिफॉगरची तार दुसऱ्या बाजूने जाते. आमच्या मॉडेलमध्ये ती भोकं रबरी बुचाने बंद होती. तिथे नवीन रबरी नळी बसवली. मोडक्या छत्रीची काडी आधी नळीतून घातली, तिच्या टोकाला तारा बांधल्या, टाल्कम पावडर लावली आणि परकरात नाडी ओवावी तशा त्या ओवून घेतल्या. तारा बारीक पदरांच्या, सिलिकॉनच्या आवरणाच्या. वाकणाऱ्या भागात एकही सांधा नाही, आणि दोन्ही टोकांना थोडी सैल वेटोळी.

गाडीत सेंट्रल लॉक आधी बाहेरून बसवलेलं होतं. त्याच्या डब्यातून डिकीसाठीची एक तार नुसतीच टेप लावून ठेवलेली सापडली. रिमोटचं तिसरं बटण दोन सेकंद धरलं की ती तार क्षणभर अर्थिंगला जोडली जाते. अशी तार थेट गनला कधी जोडू नये, तिची ताकद रिलेच्या कॉइलपुरतीच असते. आमच्या टायमरला मात्र नेमका असाच इशारा हवा होता. तीच जागा डॅशबोर्डखालच्या एका छोट्या बटणालाही दिली. बाहेर, नंबर प्लेटच्या वर, बटण बसवायला भाऊ तयार होते. मी नको म्हणाले. गाडी लॉक आहे की नाही हे ज्या बटणाला कळत नाही, ते बाहेर असणं म्हणजे किल्ली कुलपातच सोडून जाणं आहे. रिमोट घेणार असाल तर रोलिंग कोडचा, म्हणजे दरवेळी नवा कोड पाठवणारा, घ्या. कायम एकच कोड पाठवणाऱ्या स्वस्त रिमोटची नक्कल करणं अवघड नसतं.

पॅनेल परत लावण्याआधी लॉकच्या पट्टीला एक नायलॉनची दोरी बांधली आणि पॅनेलच्या कडेतून आत डिकीकडे काढली. कोणी आत अडकलं, किंवा केबलही तुटली आणि बॅटरीही गेली, तर मागची सीट पाडून ती ओढता येते. दोरीचं टोक लाल ठेवलंय, आणि घरातल्या सगळ्यांना ते कुठे आहे हे दाखवलंय.

त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. नळी लावलेल्या कोपऱ्यात पाणी आलं नाही, गालिचा कोरडा राहिला. झाकण दोन बोटं वर येतं, कोपराने वर ढकललं की शॉकर पुढचं पाहून घेतात. खर्च एकूण साडेतीन हजारांच्या आसपास आला. त्यातला निम्म्याहून जास्त बीडिंग आणि शॉकरचा, गन तर अडीचशेची. मजुरी भाऊंनी घेतली ती त्यांच्या मानाने कमीच होती.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही. आपल्या या कामाने त्यातलं काही बदलत नाही. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी मात्र बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तूंची नोंद करून घ्यावी, त्यासाठी पॉलिसीत वेगळी सोय असते.

देखभाल थोडी आहे, पण ती चुकवत नाही. लॉकच्या आकड्याला पांढरं लिथियम ग्रीस, तेही बेताने. इंजिन ऑइल घातलं तर त्यावर धूळ बसून वर्षभरात लगदा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्राची पट्टी चारही कोपऱ्यांत ओढून पाहायची. आणि महिन्यातून एकदा, गाडी उभी असताना, किल्ली फिरवून इग्निशन चालू करते आणि बटण दाबते. तेव्हा डिकी उघडता कामा नये. तोड करणाऱ्या रिलेच्या कॉइलची तार कुठे निसटली तर दुसऱ्या कशावरूनही ते कळणार नाही, बाकी सगळं व्यवस्थितच चालत राहील.